जुन्या गाडीचा गळका ब्रेक पाइप घरी कसा बदलायचा

खानदेशात मारुती ८००, ओम्नी, झेन, सुमो, कमांडर जीप अजून रोज रस्त्यावर आहेत. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात जायचं, अमळनेरचा बाजार करायचा, साक्रीहून धुळ्याला दवाखान्यात जायचं, तर याच गाड्या. इंजिन ऑइल लोक वेळेवर बदलतात, बॅटरीचं पाणी पाहतात. पण मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) मागच्या चाकांपर्यंत जाणारा, पेन्सिलीपेक्षा बारीक लोखंडी पाइप आठवतो तो थेट पार्किंगमध्ये ओला डाग दिसला की. मग कोणी सांगतं, वेल्डिंग मारून घ्या. कोणी सांगतं, फ्रिजवाल्याकडून तांब्याचा तुकडा आणून जोडा. दोन्ही करू नका. गळका ब्रेक पाइप एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत अख्खा बदलायचा असतो. हे काम घरच्या अंगणात होऊ शकतं. घाई मात्र करायची नाही.

एक मर्यादा आधीच सांगतो. हे सगळं एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०१९ नंतरच्या जवळपास सगळ्याच गाड्यांना एबीएस असतं. त्या युनिटमध्ये हवा अडकली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो. तिथे घरी हात घालू नका.

पाइप सडतो कशामुळे

आपल्याकडे समुद्र नाही, तरी पाइप गंजतात. पहिलं कारण काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याची चिकट माती गाडीखाली बसते, पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या मागे भरते आणि वरून वाळली तरी आतून ओल धरून ठेवते. म्हणून पाइप बहुतेक वेळा उघड्यावर फुटत नाही, क्लिपखाली फुटतो. दुसरं कारण केळीच्या पट्ट्यातल्या लोकांनी खास लक्षात ठेवावं. ओम्नीच्या किंवा जीपच्या मागे खताच्या गोण्या टाकून नेतो, त्यात पोटॅश असतं. लाल-पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक प्रकारचं मीठच. गोणी फाटून ते पत्र्याच्या फटींतून खाली सांडलं, की समुद्रकाठच्या खाऱ्या हवेचं काम इथेच सुरू होतं. तिसरं कारण सुरत किंवा मुंबईहून आणलेल्या सेकंडहँड गाड्या. त्या वरून चकाचक असतात, पण खालचा गंज बरोबर घेऊन येतात.

गळती नक्की कुठली, ते आधी पाहा

जमिनीवरचं तेल बोटावर घ्या. ब्रेक ऑइल ताजं असेल तर फिकट पिवळसर, जुनं असेल तर चहासारखं दिसतं. बुळबुळीत लागतं आणि पाण्याने सहज धुतलं जातं. इंजिन ऑइल पाण्याने जात नाही. गिअर ऑइल घट्ट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पाणी असेल तर बहुधा एसीचं.

मग बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी पाहा. लेव्हल हळूहळू थोडी उतरली असेल तर पॅड झिजल्यामुळेही तसं होतं. पण आठवड्यात खुणेखाली गेली तर गळती आहेच. चाकाच्या आतल्या बाजूला टायर ओला दिसला तर चाकातला ब्रेक दाबणारा भाग, म्हणजे व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर, गेलाय, पाइप नाही. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी ऑइल कमी होतंय, तर मास्टर सिलिंडरच्या मागून ते बूस्टरमध्ये (पेडल हलकं करणाऱ्या गोल डब्यात) जात असावं. ही दोन्ही कामं वेगळी. त्यांच्यासाठी पाइप उघडत बसू नका.

पाइपाचाच संशय असेल तर गाडीखालची माती तारेच्या ब्रशने काढा, सगळं कोरडं पुसा. घरातल्या कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि बॅटरी मारून पाइपावर नजर फिरवा. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि तोंड पाइपाच्या समोर नको. जोरात ब्रेक मारला की या पाइपात ७० ते १०० बार दाब होतो. टायरमध्ये आपण साधारण २ बार हवा भरतो. बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने उडालेलं तेल डोळ्यात गेलं तर इजा होते. क्लिपखालची जागा, मागच्या ॲक्सलवरचा टी-जोड, पेट्रोलच्या टाकीवरून जाणारा भाग आणि लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो ती जागा, या नीट पाहा.

फूट सापडली की बाकीच्या पाइपावरही नखाने खरवडून बघा. नुसता तांबूस रंग पुसला जात असेल तर ठीक. पापुद्रे निघत असतील, खड्डे लागत असतील, तर तोही पाइप त्याच दिवशी बदला. एक बदलून दुसरा तसाच ठेवला, तर नवीन दाब पुढच्या कमजोर जागेवर येतो.

आणि गळती दिसल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा, किंवा गाडी उचलून न्या. बहुतेक गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटं, म्हणजे ऑइलचे दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे एक गेलं तरी थोडा ब्रेक लागतो आणि माणूस गाफील राहतो. फार जुन्या जीपमध्ये तर सर्किटच एक असतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना काही कळत नाही, उतरताना कळतं.

काय काय आणायचं

पाइप: बहुतेक जपानी बनावटीच्या आणि जुन्या भारतीय गाड्यांना ४.७६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप असतो. दुकानात त्याला ३/१६ म्हणतात. तुमच्या मॉडेलचा तयार, वाकवलेला, दोन्ही टोकांना नट बसवलेला पाइप मिळत असेल तर विचार न करता तोच घ्या. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मारुतीचे असे पाइप विचारावेत. नसला तर मागवून देतात. तयार पाइपाची फ्लेअर, म्हणजे टोकाची वाटीसारखी पसरवलेली कड, कारखान्यात झालेली असते, आणि या कामात चूक होते ती नेमकी फ्लेअरमध्ये. तयार पाइप नाहीच मिळाला तर ब्रेकसाठीचाच लोखंडी पाइप मीटरवर घ्या. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा ब्रेक पाइप मिळाला तर तो उत्तम. तो वाकवायला मऊ आणि गंजत नाही. निव्वळ तांब्याचा पाइप मात्र नाही. गाडीच्या हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं.

नट: जुना नट खिशात घालून दुकानात जा. मारुतीसारख्या गाड्यांत १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात. जुन्या जीपमध्ये आणि अँबेसेडरमध्ये ३/८ इंची आटे. इंची नट मिलिमीटरच्या भोकात जातो, हीच खरी अडचण. तो किंचित लहान असल्याने सैलसर फिरतो, शेवटी घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आटे सोडतो. दुकानदाराने ‘चालतो, दादा’ म्हटलं तरी जुन्या नटाशेजारी धरून आटे जुळवून बघा.

हत्यारं: १० नंबरचा फ्लेअर नट पाना घ्याच. हा रिंग पान्यासारखा असतो, फक्त पाइप आत जाण्यापुरती फट असते. साध्या फिक्स पान्याने मऊ नटाचे कोपरे घासतात आणि मग दिवस वाया जातो. त्याशिवाय जॅक, दोन चांगले स्टँड, पाइप कटर, डबल फ्लेअरचा सेट, कानस, ग्रिप प्लायर, गंज सुटण्याचा स्प्रे, मेडिकलमधली सलाइनची नळी आणि एक बाटली.

ब्रेक ऑइल: डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. सीलबंद बाटली घ्या. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून मागच्या वर्षीची अर्धी बाटली वापरू नका. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. मे महिन्यात भरल्या गाडीने बिजासन घाट किंवा तोरणमाळ उतरताना ऑइल उकळून पेडल मऊ पडतं, तेव्हा हा फरक पायाला कळतो. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही.

गाडी उचलणं

सिमेंटची किंवा फरशीची सपाट जागा निवडा. काळ्या मातीच्या अंगणात स्टँड एका बाजूने रुततो; तिथेच करायचं असेल तर स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट किंवा रुंद फळी ठेवा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मागची चाकं उचलली की हँडब्रेक काही धरत नाही, आणि ओम्नी, सुमो, जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरही धरत नाही. जॅकने उचला, स्टँडवर बसवा, मग बाजूने दोन्ही हातांनी गाडी हलवून बघा. नुसत्या जॅकवर, किंवा विटांच्या थप्पीवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. भट्टीत भाजलेली वीट भाराखाली न सांगता फुटते. उन्हाळ्यात हे काम सकाळी उजाडताच सुरू करा. भुसावळच्या ४५ अंशांत दुपारी पानासुद्धा हातात धरवत नाही.

जुना पाइप काढणं

आदल्या रात्री दोन्ही टोकांच्या नटांवर गंजाचा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. डबीचं झाकण उघडून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा, म्हणजे पाइप उघडल्यावर ऑइल हळू गळतं आणि मास्टर सिलिंडर रिकामा होत नाही. तो रिकामा झाला तर पुढे हवा काढायला फार त्रास होतो.

नट सोडताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने जोर द्या. ‘कट्’ असा आवाज येऊन गंज तुटला की मग उलटा फिरवा. होजच्या जोडावर दुसऱ्या पान्याने होज पकडून ठेवा, नाहीतर होजच पिळला जातो. नटाबरोबर पाइपही फिरायला लागला तर जोर थांबवा. पाइप तसाही टाकायचाच आहे. नटाजवळ तो कापा आणि सहा कोनी गोटी पाना चढवून नट काढा. पेटता गॅस वापरू नका. वर पेट्रोलची टाकी आणि शेजारी रबरी होज आहे.

पाइप शक्यतो अख्खा, वाकणं न बिघडवता बाहेर काढा. तोच तुमचा साचा. उघड्या राहिलेल्या तोंडांवर ब्लीडर निपलच्या (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) रबरी टोप्या बसवा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा. ते गाडीचा रंग उचलतं.

फ्लेअर, जिथे सगळं ठरतं

तयार पाइप असेल तर हा भाग सोडून द्या. स्वतः बनवणार असाल तर आधी टाकाऊ तुकड्यांवर सराव करा, हात बसला की मगच खऱ्या पाइपाला लागा.

जुन्या पाइपाच्या वाकणांतून सुतळी फिरवून लांबी मोजा आणि दोन्ही टोकांच्या फ्लेअरसाठी थोडी जास्त धरा. पाइप कटरने कापा, करवतीने नको; करवतीचा चुरा आत राहतो. तोंड कानशीने सपाट करा, बाहेरची कड किंचित उतरती करा, आतली खरबड काढा. आता नट पाइपात घाला, आटे तोंडाच्या बाजूला. फ्लेअर करून झाल्यावर नट आत घालायला वाटच उरत नाही.

पाइप फ्लेअर सेटमधल्या बारच्या (पाइप पकडायची भोकांची पट्टी) ३/१६ च्या भोकात पकडा. सेटमधल्या डायची (पाइपाच्या तोंडात बसणारी छोटी गोटी) जी जाड कड असते, पाइप बारच्या वर तेवढाच डोकावला पाहिजे. डाय उलटी शेजारी उभी करून उंची जुळवा. बार घट्ट आवळा, कारण इथे पाइप सरकला की फ्लेअर तिरकी होते. तोंडाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा. डाय पाइपात घालून वरचा स्क्रू सावकाश फिरवा, डाय बारला टेकेपर्यंत. डाय काढली की पाइपाचं तोंड आत वळल्यासारखं, फुगीर दिसतं. आता डायशिवाय नुसता शंकू त्यावर दाबा. फुगलेली कड आत दुमडते आणि दोन थरांची, ४५ अंशांची वाटी तयार होते.

ती उजेडात फिरवून बघा. वाटी मधोमध हवी. कडेला भेग नको, एक बाजू जाड नको, आतल्या तोंडावर ओरखडा नको. शंका आली तर कापून पुन्हा करा. फ्रिजवाल्यांचं हत्यार एकेरी फ्लेअर करतं. लोखंडी ब्रेक पाइपाला ती चालत नाही, कडेला चिरते. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत वाटीऐवजी फुग्यासारखी फ्लेअर असते. जुन्या पाइपाचं टोक बघून तसंच करायचं. एकाच्या जागी दुसरी बसवली तर कितीही आवळा, गळणारच.

दुसऱ्या टोकाची फ्लेअर करायच्या आधी दुसरा नटही आत गेलाय ना, ते बघा. मग पाइप वाकवा. बेंडर नसेल तर गोल गोटी पान्याभोवती अंगठ्याने हळूहळू दाबत वळवा. कुठे चेपला, दुमडला, तर तो पाइप बाद. शेवटी हवा मारून आतला चुरा काढा.

बसवणं

दोन्ही नट आधी हाताने लावा. निदान तीन-चार फेरे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. अडतंय म्हणून पाना लावू नका. आटे तिरके गेलेत, काढून पुन्हा लावा. दोन्ही टोकं धरली की पाइप क्लिपांत बसवा. सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून तो दूर हवा, मध्ये कुठे पत्र्याला घासायला नको. क्लिपांची रबरं गेली असतील तर नवीन घाला. मग पान्याने आवळा. अशा १० मिलिमीटरच्या नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने मनगटाचा नेटका जोर. लांब नळी लावून आवळलं तर फ्लेअर चिरते. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका. इथे गळती आट्यांनी थांबत नाही, वाटी आतल्या शंकूवर बसते तिथे थांबते; टेपचे धागे मात्र आत जाऊन अडकू शकतात.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी कुठलाही जोड पुसू नका. आपल्याकडे ही सवय घट्ट आहे. खनिज तेलाचा अंश आत गेला तरी ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून सगळी सीलं बदलावी लागतात. ब्रेक क्लीनर, स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा.

हवा काढणं

डबीवरचं प्लास्टिक काढा, डबी वरच्या खुणेपर्यंत भरा. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांब चाक मागचं डावं. साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. कर्णाच्या दिशेने सर्किट असलेल्या काही गाड्यांत तो वेगळा असतो. मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल आणि त्याला निपल असेल, तर त्याचीही हवा काढावी लागते.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोज न वापरलेल्या भागात गंज असतो. पेडल तिथवर गेलं तर सील फाटतं, आणि पाइप बदलून झाल्यावर पेडल नव्यानेच खाली बसायला लागतं. मग त्याचं कारण शोधत बसावं लागतं.

निपलवर नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. पेडलवर एक जण, खाली तुम्ही. दोघांनी मोठ्याने बोलायचं:

“दाब.”
“दाबलं, काका.”
निपल पाव फेरा उघडा. नळीतून बुडबुडे निघतात, पेडल खाली जातं.
“धरून ठेव, सोडू नको हां.”
निपल बंद.
“आता सोड, हळू.”

निपल उघडा असताना पेडल सुटलं तर नळीतून हवा परत आत जाते, म्हणून ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. नळीत एकही बुडबुडा न येता स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा आणि दर पाच-सहा वेळेला डबी भरा. डबी रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत आलेलं ऑइल परत डबीत ओतायचं नाही. ते शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. विषारी आहे, घरात लहान मुलं असतात. वेगळ्या डब्यात भरून नाव लिहा आणि गॅरेजला द्या, गटारात ओतू नका.

तपासणी

इंजिन बंद असताना पेडल दोन-चार वेळा मारा. ते कडक आणि वरच लागलं पाहिजे. मग पूर्ण जोराने दाबून एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतून गेलाय. मऊ, रबरासारखं लागत असेल तर हवा उरलीय. पेडल दाबलेलं असतानाच इंजिन सुरू केलं की ते थोडं खाली जातं. तो बूस्टर कामाला लागल्याचा परिणाम आहे, घाबरू नका. मग मदतनिसाला पेडल दाबून धरायला सांगून प्रत्येक जोडावर पांढरा टिश्यू पेपर दाबा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर दिसते.

सगळं कोरडं असेल तर गाडी खाली उतरवा, चाकांचे नट आवळा, हँडब्रेक तपासा. आधी अंगणात चालण्याच्या वेगाने ब्रेक मारा. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर २०, मग ४० च्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढत असेल तर उलट्या बाजूच्या चाकांची हवा पुन्हा काढा. परत आल्यावर खाली जाऊन जोड पुन्हा कागदाने पाहा. आठवडाभर डबीची लेव्हल रोज सकाळी बघा, आणि तोवर घाटात जाऊ नका, गाडीत माल भरू नका.

जोडांपैकी एखादा पुन्हा ओला दिसला तर अजून आवळायचा मोह होतो. आवळू नका. तो उघडा, वाटी बघा, भेग असेल तर पाइप बदला. आणि मास्टर सिलिंडरमध्येच नट तुटला, निपल मोडला, किंवा फ्लेअर मनासारखी जमलीच नाही, तर गाडी स्टँडवरच राहू द्या आणि चांगल्या मेकॅनिकला घरी बोलवा.

नवीन पाइपावर चेसिसचा काळा रंग किंवा गंजरोधक मेणाचा थर द्या. जळकं ऑइल फवारायची पद्धत आहे, पण ते रबरी होजवर आणि ब्रेकच्या डिस्कवर जातं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. पोटॅशची फेरी झाली की त्याच दिवशी गाडीखाली पाण्याचा फवारा मारा. दसऱ्याला गाडी धुताना मागच्या चाकांसमोरच्या क्लिपांतली माती खिळ्याने उकरून काढा.